गाळ आणि कचरा विषारी आहे का, हे नीट कसं तपासायचं

नदीकाठच्या एका सोसायटीतल्या काकांनी मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लॅब रिपोर्ट पाठवला, पुण्यातल्या मुठा नदीच्या गाळाचा. तांबं किलोला १३० मिलिग्रॅम, निकेल ७०, झिंक एवढं, शिसं तेवढं, आणि खाली त्यांचा एकच प्रश्न, "ताई, हा गाळ विषारी आहे की नाही तेवढं सांगा." आणि त्या कागदावरून तेवढंच सांगता येत नव्हतं. पैसे खर्च झालेले, दोन आठवडे वाट बघून झालेली आणि मूळ प्रश्न तिथेच. हा अनुभव पुण्यात बऱ्याच ग्रुपना येतो म्हणून म्हटलं सगळं एकदा सविस्तर लिहून काढू.

आधी हे का होतं ते बघा. गाळातल्या धातूंसाठी जगभर वापरले जाणारे जे मार्गदर्शक आकडे आहेत त्यात तांब्याची खालची पातळी किलोला ३१.६ मिलिग्रॅम आहे आणि वरची १४९. खालच्या पातळीच्या आत असाल तर त्रास सहसा दिसत नाही, वरच्याच्या पुढे गेलात तर बहुतेक वेळा दिसतो. पण आपण बसलोय डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टवर. या काळ्या दगडातच तांबं आणि निकेल भरपूर आहे, तांबं किलोला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जाणं इथं नवल नाही. म्हणजे शहराच्या वर, जिथे एक थेंब सांडपाणी मिसळत नाही तिथला स्वच्छ गाळसुद्धा त्या आकड्यांवर 'नापास' होऊ शकतो. आणि उलटही होतं, ज्या कीटकनाशकाची किंवा सॉल्व्हंटची टेस्ट तुम्ही सांगितलीच नाही ते रिपोर्टमध्ये येणारच नाही, गाळात असलं तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळात धातू असणं वेगळं आणि तो किड्याच्या अंगात जाणं वेगळं. नदीतला तो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा गाळ असतो ना, त्यातलं सल्फाइड शिसं, कॅडमियम, झिंक यांना घट्ट धरून ठेवतं. तोच गाळ पोकलेनने उपसून काठावर पसरला, हवा लागली, काळ्याचा तपकिरी झाला की सल्फाइड संपतं आणि धरलेला धातू सुटायला लागतो. गाळ तोच, धातू तेवढाच, पण विषारीपणा बदलला.

म्हणून विषारीपणा तपासायचा म्हणजे एखादा जिवंत जीव त्या गाळात किंवा त्याच्या पाण्यात ठरलेले दिवस ठेवायचा आणि त्याचं काय होतं ते मोजायचं, शेजारी तसाच जीव चांगल्या गाळात ठेवून. या शेजारच्या डब्याला कंट्रोल म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या टेस्टचा जीव त्यातच आहे. पुण्यात कंट्रोलसाठी बाजारातली वाळू आणून चालत नाही, खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाचा किंवा मुळशीकडचा, म्हणजे त्याच बेसाल्टचा, साधारण तेवढाच बारीक गाळ आणा. मग दगडातून आलेलं तांबं दोन्हीकडे सारखं, फरक दिसला तर तो शहराचा. शक्य असेल तर दोन्ही ठेवा, एक लॅबचा कंट्रोल ज्यात जीव जगतोच हे माहितीये आणि एक हा वरच्या नदीचा.

सॅम्पल घेण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण निम्म्या टेस्ट इथेच वाया जातात. वेळ कुठली? फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुटला की वरचा सगळा मऊ गाळ धुवून खाली जातो, ऑक्टोबरात घेतलेलं सॅम्पल आणि एप्रिलमधलं सॅम्पल म्हणजे एकाच जागेचे दोन वेगळे गाळ. वहीत तारीख तर लिहाच पण शेवटचा मोठा विसर्ग कधी झाला होता तेही लिहा. आणि विसर्गाची सूचना असेल त्या दिवशी नदीपात्रात उतरायचंच नाही, भिडे पूल पाण्याखाली जायला किती वेळ लागतो ते आपण दरवर्षी बघतो.

जागा निवडताना एकच जागा घेऊ नका. समजा विठ्ठलवाडीच्या आसपास एक, एखादा ओढा किंवा नाला नदीला मिळतो त्याच्या थोडं वर एक आणि थोडं खाली एक, मुळा-मुठेच्या संगमाच्या पुढे एक, मुंढव्याकडे एक. गाळ साचतो तिथूनच घ्या, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, बंधाऱ्याच्या मागे, जिथे पाणी संथ असतं. वाहत्या पाण्यातल्या खडकावर काही मिळत नाही. प्रत्येक जागी चार-पाच ठिकाणचा वरचा ५ ते १० सेंटिमीटरचा थर घेऊन एका टबमध्ये एकजीव करायचा. एकमन ग्रॅब नावाचा जबडा मिळाला तर उत्तम, नाहीतर गुडघाभर पाण्यात दोन इंची पीव्हीसी पाइप सरळ खाली दाबायचा, वरून रबरी बूच मारायचं आणि हळू वर ओढायचा, गाळाचं कांडकं अख्खं बाहेर येतं. खोरं किंवा बादलीतला मग वापरला की वरचा सगळ्यात बारीक थर पाण्यात उडून जातो आणि घाण नेमकी त्यातच जास्त असते.

गमबूट, लांब हातमोजे, हातावर जखम असेल तर दुसऱ्याला उतरवा. पात्रात काचा आहेत, सुया आहेत, सांडपाणी आहे, लेप्टोचा धोका आहे. एकट्याने जाऊ नका.

बरणी रुंद तोंडाची प्लास्टिकची आणि काठोकाठ भरायची, वर हवा उरू द्यायची नाही (सल्फाइडचं वर सांगितलंय त्यासाठीच), कीटकनाशकं किंवा तेलाचे घटक बघायचे असतील तर त्यासाठी वेगळी काचेची बरणी. लेबल पेन्सिलने, कारण पेनाची शाई बर्फाच्या पाण्यात पुसली जाते आणि लॅबमध्ये आल्यावर पाच सारख्या काळ्या बरण्या समोर असतात. आइस बॉक्समध्ये आणायचं, मग ४ अंशाला अंधारात. फ्रीझरमध्ये नाही, गोठला की गाळाचा पोत बदलतो. दोन आठवड्यांत टेस्ट सुरू झाली तर छान, आठ आठवड्यांच्या पुढे ते सॅम्पल टेस्टसाठी धरूच नका. सुरू करायच्या आधी चिमट्याने प्लास्टिक, काड्या, खडे काढा, आणि नदीतल्या जळवा-किडे पण काढा, नाहीतर तेच तुमचे टेस्टचे जीव खाऊन टाकतात आणि तुम्ही म्हणता गाळ विषारी. पाणी टाकून चाळू नका, दाबून चाळा.

आता सगळ्यात सोप्या टेस्टपासून सुरुवात करू जी कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये आणि थोडी काळजी घेतली तर घरच्या टेबलावरही होते. हळीव! बाळंतिणीच्या लाडवातला तोच हळीव. जगभर मातीची, कंपोस्टची आणि कचऱ्याची टेस्ट ज्या बियांवर करतात त्यात हा अगदी नेहमीचा आहे, त्याच्या जोडीला ज्वारी आणि मोहरीच्या कुळातल्या बिया पण वापरतात. लवकर उगवतो, मुळं नाजूक असतात, आणि रविवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळतो.

आधी गाळाचा अर्क काढायचा. इथे एक हिशोब आहे तो नीट बघा. गाळ ओला असतो, म्हणून थोडा गाळ वजन करून १०५ अंशाला ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा आणि परत वजन करा. समजा १०० ग्रॅम ओल्या गाळात ४० ग्रॅम कोरडा माल आणि ६० ग्रॅम पाणी निघालं. आपल्याला कोरड्याच्या दहापट पाणी हवंय, म्हणजे ४०० मिली. ६० आधीच आत आहे, तर वरून फक्त ३४० डिस्टिल्ड पाणी. हे न करता ओल्या वजनाच्या दहापट पाणी घातलं तर तुमचा अर्क अडीचपटीहून जास्त पातळ होतो आणि मग घाण गाळ पण पास. बाटली २४ तास हलवायची, शेकर नसेल तर सावकाश गोल फिरवणारं काहीही चालतं पण सगळ्या सॅम्पलना सारखं. मग थांबू द्या, निवळ घ्या, फिल्टर करा. कोरडा केलेला गाळ अर्कासाठी वापरू नका, तो फक्त ओलावा मोजायला. आणि वरच्या नदीच्या गाळाचा अर्क अगदी असाच, त्याच दिवशी.

(गाळ उपसताना नदीचं पाणी किती बिघडेल एवढाच प्रश्न असेल तर हिशोब वेगळा, तिथे एक माप गाळ आणि चार मापं त्याच नदीचं पाणी, अर्धा तास जोरात ढवळून तासभर निवळू द्यायचं. उपसा होणार असेल तेव्हा ही टेस्ट मागायलाच हवी.)

पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर ५ मिली अर्क, आणि दहा बिया चिमट्याने लांब लांब ठेवायच्या. हळीव पाण्यात पडला की त्याला बुळबुळीत गर सुटतो, म्हणून आधी भिजवायचा नाही, कोरडा ठेवायचा, आणि पाणी इतकं नको की बिया तरंगून एकमेकींना चिकटतील, तसं झालं की त्यांना हवा मिळत नाही. प्रत्येक सॅम्पलच्या चार डिश, डिस्टिल्ड पाण्याच्या चार, वरच्या नदीच्या चार. झाकण लावून, पिशवीत घालून, अंधारात २५ अंशाच्या आसपास ७२ तास. एप्रिलमध्ये खोली ३६ ला जाते तेव्हा इनक्युबेटर नसेल तर सॅम्पल फेब्रुवारीतच घेऊन थंडी आहे तोवर ही टेस्ट करा किंवा निदान सगळ्या डिश एकाच कप्प्यात एकाच उंचीवर ठेवा.

तिसऱ्या दिवशी उघडलं की फरक आकड्याआधी डोळ्यांनाच दिसतो. चांगल्या डिशमधलं मूळ पांढरंशुभ्र, लांब, त्यावर बारीक लव. वाईट अर्कातलं मूळ आखूड, टोकाला तपकिरी, कधी कधी वळून कागदापासून वर उचललेलं, जणू त्याला कागदाला टेकायचंच नाहीये. मला हे दृश्य दर वेळी अस्वस्थ करतं. मग मोजायचं, किती उगवल्या आणि प्रत्येक मूळ किती मिलिमीटर. समजा पाण्यातल्या ४० पैकी ३८ उगवल्या, मुळांची सरासरी ४२ मिमी. गाळाच्या अर्कात ३४ उगवल्या, सरासरी २५. उगवण ३४ भागिले ३८ म्हणजे ८९.५ टक्के, मूळ २५ भागिले ४२ म्हणजे ५९.५ टक्के, दोन्हींचा गुणाकार केला की ५३ टक्के. याला जर्मिनेशन इंडेक्स म्हणतात. कंपोस्टवाले ८० च्या वर असेल तर ठीक धरतात आणि ५० च्या खाली असेल तर चांगलंच विषारी. नुसत्या उगवणीवर जाऊ नका, बी स्वतःच्या शिदोरीवर उगवतं, बिघडतं ते मूळ. आणि पाण्यातल्या डिशमध्येच ९० टक्के उगवले नाहीत तर बिया जुन्या आहेत, दुसऱ्या आणा, टेस्ट परत.

अशीच कांद्याची टेस्ट आहे, छोटे कांदे, खालची वाळकी मुळं खरवडून, बूड अर्काला टेकेल असे टेस्ट ट्यूबवर बसवायचे आणि तीन दिवसांनी मुळं मोजायची. मायक्रोस्कोप असेल तर मुळाच्या टोकाच्या पेशींचं विभाजन पण बघता येतं, गुणसूत्रं तुटलेली दिसतात, हे हळीवात इतकं सोपं नाही. फक्त कांदा शेतकऱ्याकडून ओळखीचा घ्या. मोड येऊ नये म्हणून लासलगावला विकिरण केलेला कांदा यात आला तर पेशी आधीच बिघडलेल्या असतात.

बिया झाल्या, पण पाण्यातल्या जिवांचं काय, तर त्यासाठी डॅफ्निया म्हणजे पाणपिसू. २४ तासांच्या आतली पिल्लं, एका भांड्यात पाच, अशी चार भांडी प्रत्येक डायल्यूशनला, ४८ तास, हलवल्यावर १५ सेकंदात पोहली नाहीत तर ती गेली असं धरायचं. डायल्यूशन म्हणजे अर्क १०० टक्के, ५०, २५, १२.५, ६.२५ असा अर्धा अर्धा करत जायचा, त्यातून निम्मे जीव कुठल्या तीव्रतेला बंद पडतात तो आकडा मिळतो. कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त बंद पडले तर टेस्ट रद्द. डॅफ्निया मॅग्ना थंड हवेतली आहे, २० अंश लागतात तिला, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच लॅब मॉइना नावाची तशीच पाणपिसू किंवा इथलीच डॅफ्निया वापरतात आणि ते मला जास्त पटतं. पाणी नळाचं घेणार असाल तर क्लोरीन जाऊ द्या, एक-दोन दिवस एअर पंप लावून ठेवा, नाहीतर सगळे पहिल्या तासात मरतात. माशांची ९६ तासांची टेस्ट कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आपल्या नियमातच आहे, निव्वळ सांडपाण्यात ९० टक्के मासे जगले पाहिजेत, पण मासा म्हणजे कणा असलेला प्राणी, कॉलेजात करायचं तर एथिक्स कमिटीला विचारूनच, आणि गाळासाठी त्याची गरज सहसा पडत नाही. चमकणाऱ्या बॅक्टेरियाची टेस्ट पण आहे, अर्धा तासात उत्तर, उजेड किती मंदावला ते मशीन मोजतं, पण अर्क चहासारखा गढूळ असेल तर उजेड रंगामुळेच कमी दिसतो, तेवढं विचारून घ्या.

पण अर्क म्हणजे गाळ नव्हे. किडा गाळ खातो, त्यातच घर करतो. म्हणून खरी टेस्ट अख्ख्या गाळाची आणि तिचा हिरो म्हणजे किरोनोमसची लाल अळी. संध्याकाळी नदीकाठी डोक्यावर घोंघावणारी पण न चावणारी चिलटं असतात ना, त्यांचं बाळपण. लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या गाळातही ती तगते. आपल्याकडच्या किरोनोमस रॅमोसस या जातीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या झूलॉजीत बरीच वर्षं काम झालेलं आहे. अमेरिकन पद्धतीत हायलेला नावाचा छोटा झिंग्यासारखा प्राणी पण वापरतात, पण तो इथला नाही, मागवून नदीकाठच्या लॅबमध्ये वाढवणं मला योग्य वाटत नाही. आणि मत्स्यालयाच्या दुकानातले ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे आणू नका, ते घाण पाण्यातूनच गोळा केलेले असतात, मुरलेले असतात, त्यांना काही होत नाही.

मांडणी अशी. ३०० मिलीच्या बीकरमध्ये १०० मिली गाळ, वर १७५ मिली चांगलं पाणी, गाळ ढवळला जाणार नाही असं कडेने सोडायचं. रात्रभर थांबायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बीकरमध्ये दहा अळ्या, एकाच वयाच्या, साधारण दहा दिवसांच्या. एका सॅम्पलचे आठ बीकर. २३ अंश, १६ तास उजेड, ८ तास अंधार, रोज थोडं खाद्य, रोज वरचं पाणी हळूच बदलायचं, आणि ऑक्सिजन लिटरला २.५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दहाव्या दिवशी बारीक चाळणीतून गाळ धुवायचा आणि अळ्या मोजायच्या, मग वाळवून वजन. कंट्रोलमध्ये ७० टक्के जगल्या पाहिजेत. वजन का, तर पुष्कळदा अळ्या मरत नाहीत पण खात नाहीत, वाढत नाहीत, निम्म्या आकाराच्या राहतात. नदीत अशी अळी पुढे चिलट होतच नाही, म्हणजे मेल्यात जमा. मोजणी करणाऱ्याला कुठला बीकर कुठला ते माहीत नको, नंबर दुसऱ्याने टाकावेत.

एक प्रसंग सांगते. एका नाल्याच्या तोंडाजवळचा गाळ होता, दोन दिवसांत आठही बीकरमधल्या जवळपास सगळ्या अळ्या मेल्या. सगळ्यांनी आधीच ठरवलेलं की वरच्या भागातल्या प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) शेडमधून काहीतरी येतंय, बातमी द्यायची तयारी चाललेली. मी म्हटलं आधी वरच्या पाण्याचा अमोनिया बघू, आणि त्या दिवसापर्यंत आम्ही तो मोजलाच नव्हता, ही चूक आमची. मोजला तर प्रचंड, आणि पीएच ८ च्या पुढे. अमोनियाचं असं आहे की पीएच ७ ला २५ अंशाला त्याचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या पुढे, आणि ९ ला ३६ टक्के. मग तोच गाळ तीन वाट्यांत केला, एकात झिओलाइट मिसळलं, ते अमोनिया धरतं, एकात नारळाच्या कवटीचा बारीक कोळसा, तो सेंद्रिय विषं धरतो, आणि एकात धातू धरणारं रेझिन. झिओलाइटवाल्या बीकरमध्ये अळ्या जगल्या, बाकी दोन्हीत मेल्या. म्हणजे मारणारा अमोनिया होता, मैला होता, प्लेटिंग नव्हतं. तो गाळ विषारी नव्हता असं अजिबात नाही, पण बोट दाखवायची जागा चुकली असती आणि एका माणसाचा धंदा उगाच बदनाम झाला असता. तेव्हापासून पीएच, अमोनिया, ऑक्सिजन, चालकता या चार गोष्टी मोजल्याशिवाय आम्ही कुठलाच रिझल्ट बाहेर देत नाही. ही तीन वाट्यांची युक्ती प्रत्येक विषारी निघालेल्या गाळावर करा, खर्च फार नाही.

आता कचरा. फुरसुंगी-उरुळीच्या जुन्या डेपोचा ढीग, बॉयलरची राख, एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) गाळ, भोसरीकडचा प्लेटिंगचा लगदा, नदीकाठी टाकलेला राडारोडा, हे सगळं 'सॉलिड वेस्ट' पण एकाच टेस्टने मोजायचं नसतं. आधी विचारा हा माल पडणार कुठे. ओल्या कचऱ्यात पडणार असेल तर कुजताना जी आम्लं तयार होतात ती त्यातले धातू ओढून काढतात, आणि टीसीएलपी नावाची टेस्ट नेमकी हीच नक्कल करते. राडारोडा नदीकाठी उघड्यावर पावसात भिजणार असेल तर टीसीएलपीपेक्षा साध्या पाण्याचा १:१० अर्क जास्त खरा. लॅबला फोन करताना हे तुम्ही सांगायचं, लॅब स्वतःहून विचारेलच असं नाही.

टीसीएलपीत होतं काय तर माल ९.५ मिमीच्या खाली बारीक करतात, कमीत कमी १०० ग्रॅम, त्याच्या वजनाच्या वीसपट अ‍ॅसेटिक आम्लाचं द्रावण, मिनिटाला ३० फेरे असं उलटसुलट १८ तास फिरवतात, काचतंतूच्या फिल्टरने गाळतात आणि निघालेल्या पाण्यात धातू मोजतात. द्रावणं दोन आहेत, एकाचा पीएच ४.९३, दुसऱ्याचा २.८८. कुठलं वापरायचं ते आधी ५ ग्रॅमच्या छोट्या चाचणीने ठरतं, राखेसारखा चुनखडी माल असेल तर दुसरं लागतं. रिपोर्टमध्ये कुठलं द्रावण वापरलं ते लिहिलंय का बघा, नसेल तर विचारा, कारण चुकीचं द्रावण वापरलं की राखेतलं शिसं दिसतच नाही.

पैसे वाचवायची एक सोपी युक्ती. द्रावण वीसपट आहे म्हणजे सगळाच्या सगळा धातू सुटला तरी लिटरला जितका येईल तो एकूण आकड्याच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू शकत नाही. शिशाची टीसीएलपी मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. कोरड्या मालात एकूण शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नापास होणं शक्यच नाही, टेस्ट करायची गरज नाही. कॅडमियमची मर्यादा १, तिथे हा आकडा २०.

पण 'टीसीएलपी पास' म्हणजे सुरक्षित असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पिण्याच्या पाण्यात आपल्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम चालतं, टीसीएलपीत ५ चालतं, म्हणजे पाचशेपट. ही मर्यादा धोकादायक कचरा कुठला आणि साधा कुठला एवढी विभागणी करायला आहे, २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत ती तशीच आलीये. विहीर शेजारी असलेल्या शेतकऱ्याला तिचा काही दिलासा नाही.

म्हणून कचऱ्याला पण जिवंत टेस्ट हवीच, आणि त्यासाठी गांडूळखतवाल्याकडचं आयसेनिया फेटिडा हे गांडूळ एकदम योग्य. अंगावर पट्टा आलेली मोठी गांडुळं घ्या, ३०० ते ६०० मिलिग्रॅम वजनाची, एक दिवस चांगल्या मातीत रुळू द्या. चौदा दिवसांच्या टेस्टला ठरलेली कृत्रिम माती असते, ७० टक्के बारीक वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती), १० टक्के पीट, पीट मिळत नाही म्हणून आम्ही धुतलेलं कोकोपीट घेतो आणि तसं लिहितो. त्यात तुमचा कचरा ६, १२, २५, ५० टक्के असा मिसळून प्रत्येक डब्यात दहा गांडुळं, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी. हात लावल्यावर तोंड हललं नाही की मेलं. कंट्रोलमध्ये दहापैकी एकापेक्षा जास्त मरता कामा नये.

चौदा दिवस नसतील तर ४८ तासांची 'पळून जाण्याची' टेस्ट करा, माझी आवडती. आयताकृती डबा, मधे पुठ्ठा, एका बाजूला चांगली माती, दुसऱ्या बाजूला कचरा मिसळलेली, ओलावा दोन्हीकडे सारखा. पुठ्ठा काढायचा, मधल्या रेषेवर दहा गांडुळं ठेवायची, छिद्रांचं झाकण, अंधार. दोन दिवसांनी पुठ्ठा परत घालायचा आणि कुठे किती ते मोजायचं. असे पाच डबे. संशयित बाजूला २० टक्के किंवा कमी सापडली तर ती माती गांडुळांना राहण्यालायक नाही असं धरतात. आधी दोन्हीकडे चांगलीच माती घालून बघा, निम्मी-निम्मी विभागली नाहीत तर डब्याला एका बाजूने ऊन किंवा ऊब लागतेय. उरुळी-मांजरीकडच्या शेतकऱ्यांना मी ही टेस्ट शेतावरच करून दाखवते, कारण इथे कुठल्याही मशीनवर विश्वास ठेवावा लागत नाही, गांडूळ कुठे गेलं ते स्वतःच्या डोळ्याने दिसतं.

रिझल्ट वाचताना एकट्या टेस्टवर उडी नको. गाळात रसायन किती, जीव मरतायत का, आणि त्या जागी नदीत प्रत्यक्ष कुठले किडे उरलेत, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. धातू जास्त, पण अळ्या मजेत आणि नदीत सात-आठ प्रकारचे किडे असतील तर ते बेसाल्टचं तांबं असायची शक्यता जास्त. धातू नॉर्मल, पण अळ्या मेलेल्या आणि नदीत फक्त लाल अळ्या-ट्युबिफेक्स असतील तर अमोनिया किंवा न मोजलेलं काहीतरी आहे, तिकडे शोधा. सरासरीतला फरक खरा आहे की योगायोग हे आठ बीकरच्या आकड्यांवर टी-टेस्ट लावून बघा, एक्सेलमध्ये होते.

रिपोर्ट लिहिताना 'गाळ विषारी आहे' एवढंच लिहू नका. कुठला जीव, किती दिवस, किती अंशाला, कंट्रोल कुठला आणि त्यात किती जगले, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर समोरचा पहिल्या मिनिटाला खोडून काढतो. आणि तुमचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून उभा राहील असं समजू नका, कायद्याचं सॅम्पल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, रीतसर नोटीस देऊन घ्यायचं असतं. तुमच्या टेस्टचा उपयोग असा की अर्जात नेमकी जागा, नेमका महिना आणि नेमकी मागणी लिहिता येते, की इथे या ठिकाणी गाळाची जिवंत जिवांवरची टेस्ट म्हणजे बायोअ‍ॅसे करा, नुसतं पाण्याचं बीओडी (कुजणारी घाण किती ऑक्सिजन खाते ते) नको.

टेस्ट संपल्यावर उरलेला गाळ, आम्लाचा अर्क आणि मेलेले जीव बेसिनमध्ये ओतायचे नाहीत, बंद डब्यात साठवून लॅबच्या घातक कचऱ्यात द्या, वापरलेली गांडुळं बागेत सोडू नका. प्रत्येक जागेचा अर्धा किलो गाळ मात्र बंद बरणीत ४ अंशाला राखून ठेवा, वर तारीख आणि जागा. कुणी सॅम्पलवरच शंका घेतली तर जिवांवरच्या टेस्टला तोवर उशीर झालेला असेल, पण निदान धातू परत मोजता येतील.